देवी म्हणाली, माहीत नाही

माझ्या लेकीला कुणीही काही विचारलं की ती म्हणायची, बरी आहे. गावाकडून तिच्या वडिलांचा फोन आला की बरी आहे. जावई कामावरून आले की दारातच बूट काढता काढता विचारायचे, त्यांनाही बरी आहे. बाळाचं वजन करायला घरी एक नर्स यायची, तिला इथे हेल्थ व्हिजिटर म्हणतात. तिने विचारलं की लेक इंग्रजीत म्हणायची, फाइन. मला इंग्रजी येत नाही, पण फाइन म्हणजे काय ते पहिल्या आठवड्यातच कळलं, इतक्या वेळा तो शब्द घरात ऐकला.

मी इंग्लंडात स्लाऊला आले ती तिच्या बाळंतपणासाठी. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पण तिची नोकरी इकडे, डॉक्टर इकडे, पोटुशीला एवढ्या लांबच्या विमानात बसवायचं कुणाच्या जिवावर, म्हणून लेक माहेरी येण्याऐवजी आईच आली. व्हिसा सहा महिन्यांचा. परतीचं तिकीट निघण्याआधीच काढून ठेवलेलं होतं. इथे घरावरून विमानं इतकी खाली जातात की त्यांची चाकं दिसतात. सुरुवातीला मी प्रत्येक विमानाकडे मान वर करून बघायची, नंतर सवय झाली.

नात झाली ती थंडीत. येताना मी डिंक, आळीव, वेखंड, गुटीचं सामान बांधून आणलं होतं, राहिलेलं जावयांनी वेम्बलीच्या देशी दुकानांतून आणलं. बाळाला पायांवर घेऊन तेल लावलं, अंघोळ घातली. शेगडी नव्हती म्हणून तव्यावर ओवा टाकून धुरी दिली, तर छताला लावलेलं धुराचं यंत्र कोकलायला लागलं. जावई स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालत होते आणि मी धुराचा तवा घेऊन मागच्या दाराने बाहेर पळाले. आवाज बंद झाल्यावर आम्ही दोघं हसलो. जावई माझ्यासमोर मोठ्याने हसत नाहीत, त्या दिवशी हसले. लेक पलंगावर बसून आमच्याकडे बघत होती. दुसऱ्याच्या घरात काहीतरी चाललंय आणि रस्त्यावरून जाताना ते खिडकीतून दिसतंय, तसं.

तिचं चुकत काहीच नव्हतं, म्हणून कळायला वेळ लागला. बाळाला वेळेवर पाजायची, वेळेवर कपडे बदलायची, बाटल्या उकळून ओळीत मांडायची. शाळेत असल्यापासून ती अशीच. पहिला नंबर कधी सोडला नाही आणि आजारी पडली तरी सांगायची नाही. फक्त एक गोष्ट मला खुपायची. बाळ तिच्या हातातून घेतलं, की ती परत मागायची नाही. मी घेतलं तर मी, जावयांनी घेतलं तर जावई. तास झाला, दोन तास झाले, तरी तिचे हात पुढे यायचे नाहीत. आपण नेऊन मांडीवर ठेवलं तर धरायची, कुणी सांभाळायला दिलेलं सामान धरावं तसं. बाळंतिणीचे हात सारखे बाळाकडे जातात, हे मी किती घरांत पाहिलं होतं.

या घराला आतून जिना आहे, त्यावर जाड कापड अंथरलेलं. तिसऱ्या पायरीवर ती बसून राहायची. वर बाळ रडत असायचं आणि ती पायरीवरून दाराकडे बघत असायची. मी हाक मारली की उठायची.

एक दिवस मी पीठ मळत होते. ती ओट्याला टेकून उभी होती. बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती, एकसारख्या. तशीच घडी घालत म्हणाली, “आई, तू जाताना हिला घेऊन जा.”

मला वाटलं थट्टा करते आहे. मी वर बघितलं.

“मी बरी आहे,” ती म्हणाली. “फक्त हिला घेऊन जा.”

पीठ मळून झालं होतं तरी मळत राहिले. गावाकडे असते तर कुणी म्हणालं असतं नजर लागली, कुणी म्हणालं असतं बाहेरचं आहे, आणि कुणीतरी काहीतरी उतरवून टाकलं असतं. इथे कुणाला काय सांगायचं ते मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मी विमानांकडे पुन्हा बघायला लागले. माझं तिकीट ठरलेलं होतं. त्या दिवसापर्यंत ही हात पुढे करायला लागली नाही, तर मी हिला कशी टाकून जाऊ, आणि बाळ हिच्यापाशी कसं ठेवू, एवढंच डोक्यात फिरायचं.

जावयांना सांगावं की नाही, यात चार दिवस गेले. सांगितलं तेव्हा कळलं, की त्यांनाही दिसत होतं. ते म्हणाले, “आई, मी नर्सशी बोललोय. ती येते आहे.” व्हिसा वाढवता येतो का तेही त्यांनी बघून ठेवलं होतं. येत नव्हता.

नर्स आली, लेकीशी दार लावून बोलली. मी बाळ घेऊन स्वयंपाकघरात बसले. भिंतीपलीकडून शब्द कळत नव्हते, पण फाइन तेवढं ऐकू येत होतं. गेल्यावर लेक म्हणाली, बुधवारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये नव्या आयांचा एक क्लास असतो, नर्स जा म्हणते आहे.

“कसला क्लास?”

“एक्सरसाइज असतो गं. बाळाला घेऊनच जायचं. तू पण चल, मला एकटीला नाही जायचं.”

एक्सरसाइज म्हणजे कवायत, हे मला माहीत होतं. बाळंतिणीने इतक्या लवकर कवायत करावी हे पटत नव्हतं, पण ती घराबाहेर पडते आहे म्हणून मी गप्प बसले. तिच्या कानाला फडकं बांधायला गेले, तर तिने टोपी घातली.

हॉल पायी जाण्याइतका जवळ होता. मोठमोठ्या गोदामांच्या कडेने रस्ता जातो, ट्रक आत-बाहेर करत असतात, बाबागाडी ढकलायला फूटपाथ बरा आहे. हॉलमध्ये लाकडी जमीन, भिंतीशी एकावर एक रचलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं मोठं भांडं. सात-आठ बाया होत्या. कुणी गोरी, कुणी पंजाबी, एक डोक्याला रुमाल बांधलेली. बाळं गाड्यांमध्ये नाहीतर अंगाला बांधलेली. शिकवणारी बाई पिकल्या केसांची होती, अनवाणी. सगळ्यांनी पायातलं दाराशी काढलं. तेवढ्यावरून मला जरा बरं वाटलं. मी भिंतीजवळच्या खुर्चीवर बाळ घेऊन बसले.

मग गाणं लागलं आणि कळलं की ही कवायत नाही. या नाचत होत्या.

आमच्याकडे बायका नाचत नाहीत. वरातीत पुरुष नाचतात. बायका खेळतात. फुगडी खेळतात, झिम्मा खेळतात, पंचमीला फेर धरतात, पण त्याला नाच म्हटलेलं चालत नाही. मला तर खेळायचीही लाज वाटायची. फेरात उभी राहायची, ओठ हलवायची, आवाज काढायची नाही. त्यामुळे लेकीला त्या बायांच्यात हात वर करताना बघून मला आधी संकोचच वाटला. तिच्या वडिलांना हे सांगायचं नाही, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

त्या बाईचा एक नियम होता. सुरुवातीला सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि आज आपण कशा आहोत ते एकेकीने दाखवायचं. बोलायचं नाही. फाइन तर अजिबात म्हणायचं नाही, अंगाने दाखवायचं. एकीने जे केलं ते बाकीच्यांनी तसंच करायचं, म्हणजे ते सगळ्यांना मिळालं. लेकीने मला हे कानात सांगितलं. एक बाई खांदे पाडून लोंबकळली, सगळ्या लोंबकळल्या. एकीने पाय आपटले, सगळ्यांनी आपटले. लेकीची पाळी आली. तिने तळहात आडवा धरला आणि टेबल पुसावं तसा सरळ फिरवला. सगळ्यांनी टेबल पुसलं. मी बघत होते. ती तोंडाने जे म्हणायची तेच तिने हाताने म्हटलं होतं.

मग ती बाई माझ्याकडे वळून थांबली. सगळ्या वळल्या. मी खुर्चीवर होते, मला काही करायचं नव्हतं. त्यांची नजर चुकवायला मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. तर त्या सगळ्या बायांनी, पँट आणि बनियनसारखे कपडे घातलेल्या, नसलेला पदर डोक्यावरून पुढे ओढला. लेकीनेसुद्धा ओढला. मी जमिनीकडे बघत राहिले.

घरी येताना लेक म्हणाली, “तुझी मूव्ह आवडली सगळ्यांना.”

“मूव्ह म्हणजे?”

“पदर.”

त्यानंतर दर बुधवारी माझ्यावर आलं की मी पदर ओढायची, कारण दुसरं काही मला सुचायचं नाही आणि त्या वाट बघत असायच्या. डोक्याला रुमाल बांधणारी रुमालच पुढे ओढायची आणि माझ्याकडे बघून हसायची.

लेक नियमाने जात होती, कारण फोनमध्ये बुधवार लिहिलेला होता. नाचायचीही बरोबर. बाई म्हणेल तसा हात, म्हणेल तसा पाय, कधी चुकायची नाही. पण ते कपड्यांच्या घड्या घातल्यासारखं होतं. पाळी आली की टेबल पुसायची. घरी आल्यावर पुन्हा तिसरी पायरी. मी बदल शोधायची. कधी वाटायचं दिसला, संध्याकाळपर्यंत कळायचं की मीच तसं मनाशी धरून बसले होते. दरम्यान गावाहून फोनवर माझं येणं कधी, म्हैस व्यायला झाली, असं सुरू झालं. मी येते म्हणायची.

निघायला थोडेच आठवडे राहिले असताना एका बुधवारी त्या बाईने गाणं लावलं नाही. तिने एक वाद्य आणलं होतं, चपटं, गोल, कातड्याचं. काठीने वाजवत होती. आमच्या हलगीसारखं नव्हतं, आवाज खर्जातला होता, पण तो जमिनीतून खुर्चीच्या पायांत येत होता. बाईने सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि जिला जसं हलायचं तसं हला म्हणाली.

माझी थोरली जाऊ वर्षभर मान खाली घालून भांडी घासायची. तिचा आवाज घरात कुणाला माहीत नव्हता. चैत्रातल्या जत्रेला देवळापुढे हलगी वाजली की तिच्या अंगात यायचं. केस सुटायचे, अंगभर घुमायची, आणि सासूबाईंपासून सगळं घर तिच्या पाया पडायचं. एका वर्षी देवी म्हणाली, हिला माहेरी धाडा, नाहीतर मी या घरात राहणार नाही. सासूबाईंनी वर्षभर नाही म्हटलेलं होतं, दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. ती देवी होती की जाऊच होती, हे मी कधी ठरवलं नाही, ठरवायची गरजही पडली नाही. पण जत्रा झाल्यावर बरेच दिवस जाऊ हलकी असायची. भांडी घासताना तोंडातल्या तोंडात काही म्हणायची. मला मात्र कधी अंगात आलं नाही. मी हळदकुंकवाचं ताट धरायला असायची.

अंगात आलेलीला विचारायचं असेल तर तेव्हाच विचारावं लागतं. हलगी थांबली की देवी जाते, आणि मागे फक्त जाऊ उरते, पाणी मागणारी.

त्या बुधवारी वर्तुळात एक उंच, तांबड्या केसांची बाई होती. तिचा मुलगा माझ्या नातीपेक्षा थोडा मोठा. ती एरवी फारशी बोलायची नाही. वाद्य जोरात झालं, तशी तिची मान हलायला लागली. मग खांदे. केसांचा चिमटा निसटून खाली पडला आणि केस तोंडावर आले. ती अनवाणी, डोळे मिटलेले, पुढे मागे घुमत होती, आणि घशातून आवाज येत होता. मग ती रडायला लागली, पण थांबली नाही.

मी विचार केला नाही. केला असता तर खुर्चीवरून उठलेच नसते. बाळ गाडीत ठेवलं, पदर डोक्यावर घेतला, वर्तुळात शिरले, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. नखांना निळा रंग लावलेला होता, अर्धा उडालेला. मी विचारलं, “आई, माझ्या लेकीला कधी बरं वाटंल? मी जायच्या आत वाटंल का?”

वाद्य थांबलं. ती बाई डोळे उघडून खाली बघत होती. मग ती माझ्यासमोर जमिनीवरच बसली. देवी कधी खाली बसत नाही. तेव्हा मला कळलं, आपण कुठे आहोत आणि काय केलं. उठून पळावं तर गुडघे उठू देईनात.

लेक धावत आली. “आई, ऊठ. ऊठ आधी.”

शिकवणाऱ्या बाईने तिला काहीतरी विचारलं. मी काय म्हणाले, हेच असणार. लेकीने उत्तर दिलं. फार छोटं दिलं. दोन-तीन शब्द, त्यात डान्स होता आणि गुड होता. मी जे विचारलं होतं ते एवढंसं नव्हतं, आणि त्यात नाच कुठेच नव्हता. चारचौघांत मी कधी तोंड उघडत नाही. पण तोंड तर आधीच उघडून बसले होते.

मी म्हणाले, “तसं न्हाई. मी काय इचारलं ते सांग.”

“आई, राहू दे ना.”

“नीट सांग. मी इचारलंय तेच सांग.”

लेक उभी राहिली. तिने एकदा दाराकडे बघितलं, घरी पायरीवरून बघायची तसं. मग त्या तांबड्या केसांच्या बाईकडे बघून इंग्रजीत बोलली. हळूहळू बोलली आणि मध्ये एकदा तिचा आवाज सुटला, तो तिने पुन्हा धरला. मला शब्द कळले नाहीत. नंतर तिने सांगितलं, की मी बोलले होते तेच ती बोलली. मी कधी बरी होईन असं आई विचारते आहे. एवढंच. पण ते म्हणायला आधी आपण बऱ्या नाही असं म्हणावं लागतं, आणि ते तिने तोवर कुठल्याच भाषेत म्हटलेलं नव्हतं.

ती बाई नाक पुसत काहीतरी म्हणाली. मी लेकीकडे बघितलं.

लेक म्हणाली, “ती म्हणते, माहीत नाही. ती पण रोज हेच विचारतेय म्हणते.”

आमची देवी असं कधी म्हणायची नाही. तीन अमावास्या, पाच सोमवार, काहीतरी सांगायचीच.

त्यानंतर थोडा वेळ कुणी नाचलं नाही. कुणीतरी कागदाचे रुमाल फिरवले. रुमालवाल्या बाईने मला हात देऊन उठवलं. मग वाद्य पुन्हा सुरू झालं, हळू. लेक त्या बाईशेजारी जमिनीवर बसली, रचलेल्या खुर्च्यांना पाठ लावून. दोघी बोलत होत्या असं नाही. एकीचं झालं की दुसरी डोळे पुसायची. मी एका गाडीला एक हात आणि दुसऱ्या गाडीला दुसरा, अशी दोन्ही बाळं झुलवत उभी होते.

घरी परतताना गोदामांपर्यंत मी तिच्या मागेमागेच चालले. मला वाटलं आता ती रागावेल. पुन्हा मला तिकडे नेणार नाही.

“चर्चच्या हॉलात देवी आणलीस तू,” ती म्हणाली.

“मी कुठं आणली? ती आपसूक आली.”

“आणि आली ती आली, तिला काहीच माहीत नाही.”

“इकडची हाय,” मी म्हणाले. “नवी असंल अजून.”

तेव्हा ती हसली. फूटपाथवर थांबून, बाबागाडीच्या दांड्यावर डोकं टेकून हसली. हसता हसता रडायला लागली आणि मग दोन्ही एकदमच चाललं होतं. रस्ता ओलांडायचा असेल असं वाटून एका ट्रकवाल्याने आमच्यासाठी गाडी थांबवली. आम्हाला ओलांडायचा नव्हता, पण तो थांबला म्हणून ओलांडला, आणि मग पुढे जाऊन परत अलीकडे आलो.

त्या आठवड्यात नर्स आली तेव्हा भिंतीपलीकडून फाइन ऐकू आलं नाही. डॉक्टरने गोळ्या दिल्या. दर गुरुवारी नर्सने सांगितलेली एक बाई फोनवर तिच्याशी तासभर बोलायची, तेव्हा मी बाळाला घेऊन बाहेर चक्कर मारायची. बुधवार चालूच होता. गोळ्यांनी फरक पडला, की बोलण्याने, की नाचाने, की दिवस गेले म्हणून, हे मला सांगता येणार नाही. जावईही म्हणाले, काय कशाने ते शोधत बसू नका.

आणि फरक म्हणजे असा नव्हता, की लाडू खाल्ला आणि ताकद आली. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा ती पायरी. पण वर्तुळात तिने टेबल पुसणं सोडलं. एकदा दोन्ही हात खाली सोडून मान टाकली, तर सगळ्यांनी माना टाकल्या. एकदा मुठी वळल्या. एका बुधवारी तिने काहीच केलं नाही, नुसती उभी राहिली, आणि बाकीच्याही तेवढा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. नाचताना आता ती मधूनच चुकायची. बाई डावीकडे तर ही उजवीकडे. मला ते बघायला बरं वाटायचं.

घरातही ते सुरू झालं. जावई दारात विचारायचे, ती हाताने दाखवायची, आणि तेही तसंच करायचे. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, एका पायात बूट, आणि मान वाकडी करून बायकोसारखे लोंबकळत उभे असलेले जावई मी पाहिले. मी स्वयंपाकघरात गेले, त्यांना अवघडायला नको म्हणून.

माझा शेवटचा बुधवार आला. माझी पाळी आली तेव्हा मी ठरवलं होतं, आज काहीतरी वेगळं करायचं. पण मी करायच्या आधीच सगळ्यांनी पदर ओढला होता. मग मीही ओढला. तांबड्या केसांच्या बाईने जाताना माझ्या पायांना हात लावला. ते कसं करतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ती माझ्याकडूनच शिकली होती, त्यामुळे पूर्ण गुडघ्यांवर बसली. मी तिला उठवलं. तिला अजून माहीत नव्हतं, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी जावई गाडीत बॅग ठेवत होते. मी लेकीच्या हातून दही घेतलं. ती दारात उभी होती, केस विंचरलेले नव्हते, बाळ कडेवर. मी विचारलं, कशी आहेस.

“आज बरी नाहीये,” ती म्हणाली. “काल होते.”

दोन महिन्यांपूर्वी हे ऐकलं असतं तर मी उंबऱ्यातच बसले असते. आता मी म्हणाले, “बरं.” गोळी घेतली का विचारलं. घेतली होती. डब्यात लाडू किती उरलेत ते सांगितलं. मग बाळाला मागितलं, शेवटचं म्हणून. तिने दिलं. मी नातीला छातीशी धरलं, तिच्या टाळूवर हात ठेवला. गावाकडच्या घराची, म्हशीची, आजोबांची नावं तिच्या कानात सांगत राहिले. किती वेळ ते कळलं नाही. जावयांनी गाडी सुरू केली, तरी मी तशीच उभी होते. वरून एक विमान गेलं. मी वर बघितलं नाही, मी लेकीच्या हातांकडे बघत होते.

तिने दोन्ही हात पुढे केले.

“दे,” ती म्हणाली. “थंडी आहे बाहेर. दे इकडे.”

मी दिली.